पावशेरचा ब्राऊन ब्रेड

भट्टीकडे उतरायला सहा पायऱ्या होत्या. पावशेर त्या उलटा उतरायचा.

तोंड दुकानाकडे, पाठ भट्टीकडे, दोन्ही हात भिंतीला. आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. शिडीवरून उतरावं तसा. कुणी हसलं तर म्हणायचा, "सरळ उतरलो की गुडघा शिव्या देतो. उलटा उतरलो की त्याला कळतच नाही आपण कुठे चाललोय."

पावशेर हे नाव त्याला शाळेत पडलं. पाववाल्याचा मुलगा, अंगाने काडीसारखा, खिशात कायम एक गरम पाव. नाव चिकटायला एवढं पुरे. पुढे काडीचं खोड झालं, खोडाचा बुंधा झाला. वय चोपन्न, वजन एकशे बारा किलो. नाव मात्र तेच राहिलं. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, लोक त्याची थट्टा करतात. त्याला स्वतःला त्यात थट्टा कधी दिसलीच नाही.

त्या वर्षी उजव्या गुडघ्याने हात टेकले. सर्जनने फोटो उजेडासमोर धरला आणि हाडावर हाड घासतंय ती जागा पेनाने दाखवली.

"बदलावा लागेल. पण आधी वजन. सहा महिन्यांनंतरची तारीख देतो. त्या दिवशी काटा शंभरच्या आत दिसला पाहिजे. वर दिसला तर तारीख दुसऱ्याला."

"आणि गुडघा नाहीच बदलला तर?"

"तर पायऱ्या बंद."

"मी उलटा उतरतो, डॉक्टर."

"उलट्यासुद्धा बंद."

घरी येताना पावशेर रिक्षात गुडघा चोळत बसला होता. बायको शेजारी बसली होती. ती गल्ला सांभाळायची. नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला न सांगता कळलं. पायऱ्या बंद म्हणजे भट्टी बंद. अडतीस वर्षं त्याने रोज पीठ मळलं, पाव घातले, काढले. खाली दोन जुने कारागीर होते, ते काम चालू ठेवतील. पण पावशेर वर गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "सुटे आहेत का?" विचारणार. त्याला तो जिवंतपणी भिंतीवर फोटो लावून घेण्यासारखा प्रकार वाटत होता.

"बारा किलो," शेवटी तो म्हणाला.

"पिठाच्या पोत्याच्या पावपटीहून कमी," बायको म्हणाली. "तुम्ही पन्नास किलोचं पोतं उचलायचात."

"उचलायचो अगं. अंगातून काढायचो नाही."

समोरच्या न्हाव्याने मागच्या वर्षी आठ किलो घटवले होते. त्याचा मंत्र सोपा होता. पीठ बंद, भात बंद, बटाटा बंद, फळ बंद. पावशेरने भट्टीसमोर उभं राहून शपथ घेतली. उद्यापासून ब्रेडचा कण तोंडात जाणार नाही.

नऊ दिवस त्याने ते निभावलं. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. पाचव्या दिवशी कारागिरांवर तो इतका ओरडला की ट्रे लावायचे थांबून दोघे एकमेकांकडे बघत राहिले. सातव्या दिवशी त्याला पायरीवर गरगरलं. रोज सकाळी न्याहारीला तीन अंडी आणि काकडी. दुपारी चिकन आणि काकडी. रात्री काकडीकडे बघूनच तो उठायचा.

नवव्या दिवशी अडीचशे ब्रेड बिनमिठाचे गेले.

त्याला कारण होतं. कच्च्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवून मीठ बघायचं, ही त्या भट्टीची रीत. काटा नाही, माप नाही. वडील चिमूट बघायचे, त्यांच्यानंतर पावशेर. अडतीस वर्षांत मीठ चुकलं नाही. पण शपथ म्हणजे शपथ. नऊ दिवस त्याने चिमूट तोंडात घातली नाही, अंदाजाने मीठ टाकलं. नवव्या दिवशी टाकायचंच राहिलं.

पहिली तक्रार घेऊन बाई आल्या.

बाई शहात्तर वर्षांच्या. पावशेरला चौथीत गणित शिकवलेल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांना साखरेचा विकार जडला. तेव्हापासून रोज सकाळी दहाला त्या यायच्या आणि अर्धा ब्राऊन ब्रेड न्यायच्या. त्यांना बघितलं की पावशेर स्टुलावरून उठून उभा राहायचा. गुडघा कितीही बोंबलला तरी.

"बस," बाई म्हणाल्या. "मीठ कुठे गेलं?"

"विसरलो, बाई."

"मीठ विसरतं कुणी? तू हातचा विसरायचास. मीठ नाही विसरायचास."

बायकोने सगळी कहाणी सांगितली. शपथ, काकडी, गरगरणं, काहीच ठेवलं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"समोरच्या न्हाव्याने."

"मग केस डॉक्टरकडे कापून घे." बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि पत्ता लिहिला. "चष्म्याच्या दुकानामागे एक मुलगी बसते. आहाराचं शिकलेली. मी तिच्याकडे जाते. उद्या जा."

आहारवाली मुलगी जेमतेम तिशीची होती. तिच्या टेबलावर प्लास्टिकचं एक सफरचंद होतं आणि भिंतीला मोठी ताटली रंगवलेली होती. अर्ध्या ताटलीत भाज्या. पाव ताटलीत कडधान्यं, अंडी, मासे. उरलेल्या पावात धान्य. पावशेरने ती ताटली गुन्हेगाराचा फोटो ओळखावा तशी निरखली. धान्याचा भाग अगदीच रिकामा नव्हता. त्याला हुरूप आला.

"काका, तुम्ही सगळ्यांना एकाच कोठडीत टाकलंत," ती म्हणाली. "साखर, मैदा, सफरचंद, राजमा, ओट्स. सगळी कर्बोदकंच. पण सगळी सारखी नाहीत."

"मला एकच फरक कळतो. काही फुगतात, काही नाही."

"फरक वेगाचा आहे. साखर, मैदा, फळांचा रस, हे धावत रक्तात शिरतात. तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. कोंड्यासकट धान्य, कडधान्यं, सालासकट फळ, हे सावकाश जातात. पोटात टिकतात."

"म्हणजे माझ्यासारखे. भिंत धरून."

ती हसली. मग तिने त्याला यादी लिहून दिली. सकाळी ओट्स, नाहीतर अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचे दोन स्लाइस आणि एक अंडं. रसाऐवजी फळ. बटाटा चालेल, पण मुठीएवढा, तळलेला नाही. रोज एक वाटी कडधान्य.

"ब्रेड तर तुमचा घरचाच," ती म्हणाली. "फक्त अख्ख्या गव्हाचा घ्या. कोंडा न काढलेल्या पिठाचा."

"हो," पावशेर म्हणाला.

त्या "हो"मध्ये थोडी गडबड होती. त्याच्या दुकानात अख्ख्या गव्हाचा ब्रेड नव्हता. ब्राऊन ब्रेड होता. वीस किलो मैदा, त्यात दिसण्यापुरता सहा मुठी कोंडा, आणि जाळलेल्या साखरेच्या पाण्याची एक मोठी पळी. त्या पळीने रंग यायचा, छान खरपूस. ही कृती वडिलांची. पावशेरने ती कधी लपवली नाही, कधी सांगितलीही नाही. कुणी विचारलंच नव्हतं. आणि अडतीस वर्षं ज्याला आपण ब्राऊन म्हणतो ते आपल्यालाही ब्राऊनच दिसायला लागतं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज आपल्याच ब्राऊन ब्रेडचे दोन स्लाइस खाऊ लागला. अगदी मनोभावे.

महिना झाला. काटा एकशे अकरा दाखवत होता.

"यादीप्रमाणेच खाताय ना?" मुलीने विचारलं.

"काटेकोर."

बायको त्याच्याशेजारी बसली होती. घरी आल्यावर तिने बिस्किटांचा एक रिकामा डबा घेतला आणि भट्टीतल्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही चव बघता ना? तेवढाच तुकडा ह्यात टाकायचा. बिस्किट बघितलं, बिस्किट टाका. केकचा कोपरा बघितला, तेवढा कोपरा टाका."

"चव बघणं म्हणजे खाणं नव्हे."

"मग डबा रिकामाच राहील. घाबरता कशाला?"

संध्याकाळी तिने डबा काट्यावर ठेवला. आधी रिकाम्या डब्याचं वजन करून ठेवलं होतं, तेवढं वजा केलं. सातशे चाळीस ग्रॅम. बन, बिस्किटं, केकच्या कडा, खारी, आणि एक अख्खा क्रीम रोल.

"क्रीम रोलचीसुद्धा चव?"

"क्रीम बदललं होतं."

"अख्खा?"

"मध्ये वेगळं लागतं."

ती हसत खुर्चीत बसली. मग तोही हसला. दोन्ही कारागीर तर भट्टीकडे तोंड करून हसत होते, खांदे हलत होते. दुसऱ्या दिवसापासून मिठाची चिमूट तेवढी त्याच्याकडे राहिली. बाकी चव कारागीर बघणार. त्यातल्या एकाचं पुढे दोन किलो वजन वाढलं, पण तो वेगळा विषय.

दुसऱ्या महिन्याअखेर पावशेर एकशे नऊवर आला आणि तिथेच बसला. आठवडे जात होते. काटा हलेना. अकरा वाजले की त्याच्या पोटात कुणीतरी खुर्च्या सरकवायचं. इतका आवाज यायचा की गिऱ्हाईक मागे वळून बघायचं. आणि तारीख जवळ येत होती.

त्या बुधवारी तो आहारवालीकडे गेला तेव्हा बाई आधीच आत होत्या. दार उघडं होतं. खोली लहान होती, बाकावर बसलेल्याला सगळं ऐकू यायचं.

"बाई, साखर खाली येत नाहीये," मुलगी म्हणत होती. "गोळ्या वेळेवर आहेत, चालणं आहे. खाण्यात काहीतरी सुटतंय. सकाळी काय घेता?"

"ब्राऊन ब्रेड. तीन स्लाइस. अकरा वर्षं."

"कुठला?"

"तो बाहेर बसलाय ना, तो करतो. माझा विद्यार्थी." बाईंच्या आवाजात कौतुक होतं. "ये रे आत."

पावशेर उठला. बाकापासून दारापर्यंत पाच पावलं होती. त्याला ती सहा पायऱ्यांपेक्षा जड गेली.

"काका," मुलगी म्हणाली, "तुमच्या ब्राऊन ब्रेडमध्ये अख्ख्या गव्हाचं पीठ किती?"

पावशेरने भिंतीवरच्या ताटलीकडे बघितलं. तिथून काही मदत येईना.

"कोंडा घालतो," तो म्हणाला.

"किती?"

"सहा मुठी."

"किती पिठात?"

"वीस किलो. मैद्यात."

 मुलीने पेन खाली ठेवलं.

"मग रंग कसला?" बाईंनी विचारलं. वर्गात उत्तर येत नसताना फळ्याशी उभं करून विचारायच्या त्याच आवाजात.

"जाळलेल्या साखरेचा, बाई."

"साखरेचा?"

"पळीभरच असते. वडिलांपासून..."

"वडिलांना मी शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुला शिकवलंय."

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. पावशेर तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने मुलगी हळूच म्हणाली, "काका, सगळा दोष काही ब्रेडचा नसेल. वयही आहे. पण रोजचे तीन स्लाइस मैदा... आणि तुम्हीही तोच खाताय?"

"मीही तोच खातोय."

"तुम्हाला माहीत होतं तरी?"

 माहीत होतं हे खरं. आणि पळी स्वतःच्या हाताने ओतून सकाळी तोच ब्रेड पथ्य म्हणून खाल्ला, हेही खरं. दोन्ही खरं एकाच माणसाच्या पोटात कसं राहिलं, ते त्याला त्या दिवशी कळेना.

दुसऱ्या दिवशी दहाला बाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पावशेर दहाच्या सुमाराला उगाच स्टुलावरून उठायचा आणि परत बसायचा.

चौथ्या दिवशी त्याने पळी धुतली आणि खिळ्याला टांगली.

"आता खरा ब्रेड करायचा," तो म्हणाला. "मला खायचाय. आणि बाईंना द्यायचाय."

अख्ख्या गव्हाचं पीठ त्याने गिरणीतून जाडसर दळून आणलं. मैद्याच्या सवयीने मळलं, मैद्याच्या सवयीने फुगवलं. भट्टीतून जे बाहेर आलं त्याला कारागीर वीट म्हणाले. बायकोने ती उघड्या दाराला अडसर म्हणून लावली. दार दिवसभर हललं नाही.

"निदान कामाला तरी आली," ती म्हणाली.

दुसरी वीट, तिसरी वीट. अडतीस वर्षांचा पाववाला रोज संध्याकाळी पिठासमोर नवशिक्यासारखा उभा. कोंडा पाणी जास्त पितो, हे त्याला माहीत होतं. पण किती जास्त, ते हाताला माहीत नव्हतं. मग त्याने पीठ मळून लगेच न भाजता थंड जागी रात्रभर ठेवलं. सकाळी त्याला आंबूस, सफरचंदाच्या सालीसारखा वास आला. त्याने चिमूट जिभेवर ठेवली. मीठ बरोबर होतं. त्यात भिजवलेले जवाचे दाणे घातले, जवस घातलं. अकराव्या खेपेला ब्रेड फुगला. फार नाही. बसका, जड, पण ब्रेड. कापला तर आत कोंड्याचे ठिपके दिसत होते, जणू कुणी मिरी शिंपडलीये.

त्याने जुन्या ब्राऊनचा एक स्लाइस आणि नव्याचा एक, खिडकीच्या उजेडात शेजारी धरले. जुना सगळीकडे सारखा होता, रंग दिलेल्या भिंतीसारखा. नवा मात्र कुठे गडद, कुठे फिका.

पण एकट्यासाठी कुणी भट्टी लावत नाही. विकायचा तर पाटी लावायला हवी. त्याने दुपारभर बसून पाटी लिहिली. बायकोने वाचली आणि कपाळावर हात मारला.

'आतापर्यंतचा ब्राऊन ब्रेड हा मैद्याचा, साखरेने रंगवलेला होता. तो बंद केला आहे. आजपासून अख्ख्या गव्हाचा. जड आहे. माफ करा.'

"अहो, नुसतं 'नवीन ब्रेड मिळेल' लिहा ना!"

"बाईंनी तपासलं तर?"

तिने पुढे वाद घातला नाही. स्वतःच स्टुलावर चढून पाटी लावली. त्याला चढता येत नव्हतं.

आठवडाभर गिऱ्हाइकांनी त्याला भाजून काढलं. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं रंग खाल्ला होय रे?" "पावशेर, तुझा चॉकलेट केक तरी चॉकलेटचा आहे का?" न्हावी रोज येऊन पाटी मोठ्याने वाचायचा आणि एक क्रीम रोल घेऊन जायचा. काही लोक शेजारच्या गल्लीत जायला लागले. काही परत आले, कारण शेजारच्या गल्लीतल्यानेही पाटीबद्दल ऐकलं होतं आणि "तुमचा कसला?" असं विचारलं की तो विषय बदलायचा.

बाई मात्र आल्या नाहीत.

मग पावशेर स्वतः गेला. बाई एक मजला वर राहायच्या. चौदा पायऱ्या. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत तो वर पोचला तेव्हा सदरा भिजला होता. बाईंनी दार उघडलं. त्याने अर्धा ब्रेड पुढे केला.

बाईंनी सुरी आणली. एक स्लाइस कापला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बोटाने दाबला. तुकडा मोडून सावकाश चावला. पावशेर दारातच उभा होता. चौथीतली तोंडी परीक्षा त्याला आठवत होती, सत्तावीसचा पाढा आठवत होता, आणि तो तेव्हाही सत्तावीस सक्कंशी अडकला होता.

"दहापैकी चार," बाई म्हणाल्या.

"चार?"

"चव आहे. पण मध्ये कच्चा राहिलाय. पुन्हा करून आण."

"बाई, रागावलात?"

"हो. अजून आहे राग." त्यांनी ब्रेड डब्यात ठेवला. "पाटी वाचली मी. शुद्धलेखन बरं होतं."

तो निघाला. उतरताना तो उलटाच उतरणार होता, म्हणजे तोंड बाईंकडे. बाईंकडे पाठ करून पळ काढायची सोय गुडघ्याने ठेवलीच नव्हती. चौदा पायऱ्या बाई त्याच्याकडे बघत होत्या आणि तो बाईंकडे.

"असा उतरतोस तू?" पाचव्या पायरीला त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"ऑपरेशनची तारीख कधी?"

"अडीच महिने आहेत. नऊ किलो जायचेत."

 तो अकराव्या पायरीला पोचला.

"पुढच्या वेळी वर येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "बायकोच्या हाती पाठव. मी गुण लिहून पाठवीन."

तेव्हापासून दर सोमवारी अर्धा ब्रेड जायचा आणि लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी यायची. 'पाच. कड जळाली.' 'सहा. जवस जास्त, दातात अडकतं.' 'साडेपाच. घाई केलीस.' पावशेर चिठ्ठ्या भट्टीशेजारी खिळ्याला टोचायचा, पळीच्या खाली. एका चिठ्ठीत गुणांखाली आणखी एक आकडा होता. बाईंची उपाशीपोटीची साखर, आधीपेक्षा कमी. मुलीने त्यांचे तीन स्लाइस दोनवर आणले होते, सोबत अंडं सुरू केलं होतं. पावशेरने ती चिठ्ठी काढून पाकिटात ठेवली.

त्याचा स्वतःचा काटाही हलला. एकशे सात. एकशे पाच. सकाळी दोन जड स्लाइस आणि अंडं खाल्लं की अकराला पोटातल्या खुर्च्या जागच्या जागी राहायच्या. दुपारी वाटीभर राजमा किंवा मसूर, ताटलीभर भाजी, मुठीएवढा भात. चारला सफरचंद, सालासकट. एकदा त्याने न्हाव्याकडे मोसंबीचा रस नाकारला आणि अख्खी मोसंबी मागितली. न्हावी म्हणाला, "दोन्ही एकच ना?" पावशेरने त्याला अर्धा तास वेग समजावला. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ऐकत होतं.

तारखेच्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर तो नव्याण्णव पूर्णांक आठ होता. बाई सोबत यायला तयार होऊन खाली उभ्या होत्या. बायकोने फाईल घेतली. पावशेरने कोट चढवला.

सर्जनच्या काट्यावर आकडा थरथरला आणि थांबला. शंभर पूर्णांक सहा.

"वर आहे," परिचारिका म्हणाली.

पावशेरने बूट काढले होते. पट्टा काढला. किल्ल्या काढल्या, पाकीट काढलं. शंभर पूर्णांक एक. सर्जन दारात येऊन उभे राहिले. पावशेरचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"कोट काढ," बाई म्हणाल्या.

"थंडी आहे, बाई."

"काढ म्हणते ना."

बायकोने कोट घेतला. तो तिच्या हातात एका बाजूला कलला. तिने आतल्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेला अर्धा ब्रेड बाहेर काढला.

"हे काय?"

"डॉक्टरांसाठी आणला होता," पावशेर म्हणाला. "विसरलो."

काटा नव्याण्णव पूर्णांक दोनवर आला.

"मैद्याचा आणला असतास तर एवढं झालं नसतं," बाई म्हणाल्या. सर्जनला काही कळलं नाही, पण सगळे हसत होते म्हणून तेही हसले. कागद सोडून त्यांनी तिथेच एक तुकडा मोडला.

"जड आहे," ते म्हणाले.

"पाटीवर लिहिलंय तसं," बायको म्हणाली.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पावशेरला चालण्याच्या चौकटीला धरून दहा पावलं टाकायला लावली. तोंड पुढे करून. त्याला ते इतकं नवं वाटलं की तो दोनदा मागे वळून बघायला गेला.

चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मावशींनी ताट ठेवलं. उकडलेलं अंडं, सफरचंद आणि दोन स्लाइस.

"ब्राऊन ब्रेड आहे हं," मावशी म्हणाल्या. "तब्येतीला चांगला."

पावशेरने एक स्लाइस उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. सगळीकडे सारखा रंग. एकही ठिपका नाही. त्याने बोटाने दाबला. स्पंजासारखा वर आला.

"अहो, खा ना गुपचूप," बायको म्हणाली. "पेशंट आहात."

पण त्याला हसू आवरेना. टाके दुखायला लागले तरी तो हसत होता. मावशी घाबरून थांबल्या.

"काय झालं, काका?"

"काही नाही हो. ओळखीचा निघाला." त्याने डोळे पुसले आणि स्लाइस परत ताटात ठेवला. "मावशी, इथला स्वयंपाक कोण बघतं? त्यांना जरा वर बोलवाल? रागवायला नाही. मी पाववाला आहे. मला त्यांना पळीबद्दल सांगायचंय."

मग त्याने अंडं खाल्लं, सफरचंद सालासकट खाल्लं, आणि दाराकडे बघत बसून राहिला.